कलाम साहेब उभे राहिले असते तर

आठवीला नागरिकशास्त्रात राष्ट्रपतींची निवडणूक शिकवताना कोणीतरी विचारतेच, "सर, कलाम साहेब पुन्हा राष्ट्रपती का नाही झाले?" हा प्रश्न आमच्या घरात 2012 मध्येच बराच गाजला होता.

त्या जूनमध्ये ममता बॅनर्जी आणि मुलायमसिंह यादव यांनी सुचवलेल्या तीन नावांत कलामांचे नाव होते. मग मुलायमसिंह प्रणव मुखर्जींकडे वळले. 18 जूनला कलामांनी नकार कळवला. आपले मन परवानगी देत नाही, असे ते म्हणाले. अब्बा नाराज झाले. एसटीत कंडक्टर म्हणून हयात गेलेली. माघार हा शब्द त्यांना मानवत नसे. मगरिबनंतर रोज तेच, "उभं तर राहायला हवं होतं."

जुलैत निकाल लागला. मुखर्जी 7,13,763, संगमा 3,15,987. मी वही घेऊन बसलो. समजा, संगमांच्या जागी कलाम, आणि संगमांची सगळी मते त्यांना. (ही सवलत मोठीच होती.) जिंकायला हवीत 5,14,876, म्हणजे आणखी 1,98,889. खासदाराच्या मताचे मूल्य 708, उत्तर प्रदेशच्या आमदाराचे 208, आपल्या महाराष्ट्रातल्या आमदाराचे 175. समाजवादी आणि तृणमूल दोन्ही पक्ष कलामांकडे वळवले, तरी बेरीज सव्वा लाखाच्या आतच. भाजपचे मित्र असून मुखर्जींना मते देणारे शिवसेना आणि जनता दल (संयुक्त) हेही जोडले, तर पावणेदोन लाखांच्या आसपास. राहिले डावे. त्यांनी तर 2002 मध्येसुद्धा कलामांसमोर लक्ष्मी सहगल यांना उभे केले होते.

"मतदान गुप्त असतं, व्हिप नसतो," अब्बा म्हणाले. "1969 ला गिरी कसे आले?"

"तेव्हा खुद्द पंतप्रधान गिरींच्या मागे होत्या, अब्बा."

वही पाहून ते गप्प बसतील असे मला वाटले होते. खरे सांगायचे तर माझी अडचण हिशेबाची नव्हतीच. 2002 मध्ये 9,22,884 मते घेऊन निवडून आलेला आपला माणूस हरलेला मला बघवला नसता. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये कोणी काय बोलेल, याची मला आधीच धास्ती. हे मी अब्बांना बोलून दाखवले.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "संगमा हरलेच ना? त्यांच्याकडच्या कुठल्या मास्तरला शाळेत जायची लाज वाटली? मग आपल्यालाच का वाटावी?"

यावर मला काही बोलता आले नाही. अब्बा जाऊन आता बरीच वर्षे झाली. वर्गात तो प्रश्न आला की मी फळ्यावर 708 आणि 175 लिहितो आणि मुलांना बेरीज करायला लावतो. मागच्या वर्षी एका मुलीने बेरीज केली, पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "पण सर, उभं राहायला काय हरकत होती?"