जुनी डिस्क

जुनी वस्तू टाकून देण्याची घाई माणसाला किती महागात पडू शकते, हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी एका लॅपटॉपने शिकविले. घरोघरी आता ही यंत्रे आली आहेत. तेव्हा माझा अनुभव कुणाच्या तरी उपयोगी पडेल, या हेतूने तो सांगत आहे.

उज्जैनच्या उत्तरेस क्षिप्रेच्या काठी आमचे भैरवगढ आहे. काळभैरवाचे देऊळ, मोठा तुरुंग आणि कापडावरील छपाई या तीन गोष्टींनी ते ओळखले जाते. मेणाने नक्षी रेखून कापड रंगविण्याचे येथले काम दूरवर जाते. २०२३ साली उज्जैनच्या बाटिक छपाईला भौगोलिक मानांकनही मिळाले. आमचे शेजारी याच धंद्यातले. त्यांना आम्ही सारे चाचा म्हणतो आणि ते मला मास्टरसाहेब म्हणतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांची बिले आणि हिशेब माझ्या लॅपटॉपवर लिहून ठेवण्याचे काम मी आपणहून पत्करले. काही वर्षांपूर्वी त्यांच्या वडिलांच्या वेळचे लाकडी ठसे वाळवीने खाण्यास सुरुवात केली, तेव्हा त्यांतील शंभरावर ठशांची छायाचित्रेही मी काढून ठेवली होती. पुढे त्यांतले बहुतेक ठसे खरोखरच नष्ट झाले.

लॅपटॉप २०१४ सालचा. आतील डिस्क अवघी १२८ जीबीची, ती भरून गेली. गेल्या हिवाळ्यात शहरातील एका दुकानदाराकडून मी ५१२ जीबीची दुसऱ्या कंपनीची डिस्क लहानशा अडॅप्टरसह बसवून घेतली. जुन्या डिस्कवरील सारे नव्यावर उतरविले असे त्याने सांगितले आणि जुनी डिस्क कागदाच्या पुडीत बांधून हाती दिली. ती मी घरी येताच केराच्या टोपलीत टाकली. यंत्र तर एखाद्या तरुणासारखे धावू लागले होते. मग जुन्याची मातब्बरी कोणाला?

उन्हाळा लागला आणि बँकेचे पान उघडेनासे झाले. प्रणाली जुनी आहे, नवी बसवा, असा संदेश येई. नवी बसवावयास जावे, तर निम्म्या वाटेवर यंत्र थांबे आणि फर्मवेअरची पडताळणी करता आली नाही असे सांगून पुन्हा मूळ जागी येई. मी चार वेळा प्रयत्न केला. दुकानदाराने डिस्क सदोष नाही असे सांगितले, आणि ते खरेच होते. शेवटी पुण्याला माझ्या पुतण्यास फोन केला. त्याने पहिलाच प्रश्न विचारला, “काका, जुनी डिस्क कुठे आहे?”

फर्मवेअर म्हणजे काय, हे त्याने मला समजावून दिले. यंत्राचे बटण दाबल्याबरोबर जो पहिला कार्यक्रम जागा होतो, तो डिस्कवर नसतो. यंत्राच्या मुख्य पाटीवरील एका चिमुकल्या चिपमध्ये असतो. तोच पडदा, कळफलक आणि डिस्क यांना उठवितो व मग कारभार प्रणालीच्या स्वाधीन करतो. १९८१ सालच्या आय. बी. एम.च्या संगणकात हा कार्यक्रम कायमचा कोरलेला असे. पुढे तो पुन्हा लिहिता येणाऱ्या चिपा आल्या. सोय झाली, पण धोकाही आला. २६ एप्रिल १९९९ रोजी एका विषाणूने जगभर कित्येक संगणकांतील हा कार्यक्रमच खराब केला आणि ती यंत्रे सुरूच होईनात. म्हणून आता यंत्र हा कार्यक्रम बदलू देण्यापूर्वी कसून पडताळणी करते. माझ्या लॅपटॉपच्या जातीच्या काही यंत्रांत तर कारखान्याची मूळ डिस्क आत नसेल, तर हे काम पुढे सरकतच नाही, असा पुष्कळांचा अनुभव आहे. डिस्क बदलली तरी चिपमधील कार्यक्रम जुनाच राहतो आणि नवी प्रणाली त्याला स्वीकारीत नाही.

मी खजील होऊन फोन ठेवला. सौभाग्यवतीने काही न बोलता फडताळातून बिस्किटांचा डबा काढला. कागदाची पुडी त्यात होती. “पैसे देऊन घेतलेली वस्तू होती, म्हणून उचलून ठेवली,” एवढेच ती म्हणाली.

पुतण्याने सांगितल्याप्रमाणे यंत्र बंद केले, पाच पाकळ्यांच्या डोक्याचे बारीक स्क्रू काढले, प्रथम बॅटरीची जोडणी सोडविली आणि जुनी डिस्क तिच्या जागी बसविली. यंत्र सुरू झाले. आता ही डिस्क पुसून तिच्यावर नवी प्रणाली बसवावयाची होती, म्हणजे तीबरोबर फर्मवेअरही नवे झाले असते. मी पुसण्याच्या आज्ञेपर्यंत पोहोचलो, तोच सौभाग्यवती म्हणाली, “अहो, पुसण्याआधी एकदा आत पाहून घ्या ना!”

पाहिले, आणि माझ्या काळजात धस्स झाले. ठशांच्या छायाचित्रांचा कप्पा मी नेहमीच्या जागी न ठेवता भलतीकडे ठेवला होता. दुकानदाराने नेहमीचे कप्पे तेवढे उतरविले होते. नव्या डिस्कवर ती छायाचित्रे नव्हती आणि पाच महिन्यांत मी एकदाही ती उघडून पाहिली नव्हती. चाचांच्या वडिलांची सारी नक्षी त्या बिस्किटांच्या डब्यात पडून होती. मी ती तत्काळ दोन निरनिराळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतली.

मग काम सुरू केले. बॅटरी पूर्ण भरली, चार्जर जोडून ठेवला, इंटरनेट चालू असल्याची खात्री केली. फर्मवेअर लिहिले जात असता वीज गेली, तर यंत्र कायमचे मुके होऊ शकते. आणि उन्हाळ्यात आमच्याकडे वीज जाण्याचा नेम नाही. पडदा दोनदा काळा झाला. आम्ही दोघे त्या पांढऱ्या रेघेकडे पाहत बसलो होतो. तासाभराने प्रणाली उघडली. यंत्राच्या माहितीच्या पानावर फर्मवेअरचा क्रमांक बदललेला दिसला. दुसऱ्या दिवशी नवी डिस्क परत बसविली आणि तिच्यावरही नवी प्रणाली विनातक्रार बसली.

सर्व यंत्रांची तऱ्हा अशीच नसते. विंडोज प्रणालीच्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्कवरील एक लहानसा आरंभीचा भाग नवी डिस्क बसविताना उतरवायचा राहून जातो आणि त्यामुळे फर्मवेअर बदलत नाही. अशा वेळी कंपनीने दिलेली फाइल फॅट-३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर घेऊन, यंत्र सुरू होतानाच्या मांडणीच्या पानातून ती चालविता येते. डिस्कला कुलूप असेल, तर ते आधी तात्पुरते उठवावे आणि त्याची किल्ली कागदावर लिहून ठेवावी.

सायंकाळी चाचांकडे जाऊन मी घडलेले सारे सांगितले. काही लपविले नाही. ते कढईपाशी उभे होते. म्हणाले, “मास्टरसाहेब, उकळत्या पाण्यात मेण एकदा सुटले, की नक्षी दुरुस्त करता येत नाही. म्हणून कापड कढईत टाकण्यापूर्वी आम्ही ते उजेडात धरून पाहतो. तुमच्या घरात तो उजेड वहिनींनी धरला.”

एक पेनड्राइव्ह आता त्यांच्या घरी आहे, दुसरा आमच्या. जुनी डिस्क बिस्किटांच्या डब्यातच आहे. मात्र तिच्यावर तारीख लिहून चिठ्ठी चिकटविली आहे, आणि डबा कोठे आहे हे मला ठाऊक आहे.