बंबार्डियर नावाचा माणूस

पश्चिम रेल्वेनं ऑफिस गाठणाऱ्या मंडळींना 'बंबार्डियर' नवीन नाही. २०१५ पासून धावायला लागलेल्या त्या लोकल. डबे चेन्नईचे, पण विजेची यंत्रणा बंबार्डियरची, म्हणून अख्खी गाडीच बंबार्डियर! (मूळ फ्रेंच उच्चार बॉम्बार्दिए असा काहीतरी आहे. विरार फास्टमध्ये तसा करून बघा, लोक घाबरून जागा देतील. :) )

हे एका माणसाचं आडनाव आहे, हे मला कळलं ते थेट अमेरिकेत. ऑनसाइटच्या कृपेनं मिनेसोटात दोन हिवाळे काढले तेव्हा. शेजारच्या आजोबांच्या गॅरेजमध्ये १९६०च्या दशकातली एक पिवळी स्की-डू होती. पुढे दोन स्कीज, खाली रुंद रबरी पट्टा आणि मध्ये आपल्या लूनाचा थोरला भाऊ शोभावा असं इंजिन. आजोबा तासन् तास तिचे नट पुसत बसायचे. मला आधी हा नुसता म्हातारपणचा छंद वाटला. मग कुतूहलानं वाचत गेलो, आणि वाचतच राहिलो..

जोसेफ-आर्मां बॉम्बार्दिए १९०७ सालचा, कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात वालकूर नावाच्या गावचा. १५व्या वर्षी या पठ्ठ्यानं फोर्ड मॉडेल टीचं इंजिन स्लेजवर चढवलं, मागे चक्क विमानासारखा लाकडी पंखा लावला आणि भावाला बरोबर घेऊन बर्फातून फेरी मारली. वडिलांनी ते ताबडतोब सुटं करायला लावलं. बरोबरच आहे म्हणा, उघडा पंखा होता तो!

पुढे त्यानं गावातच गॅरेज काढलं. हिवाळ्यात तिकडचे रस्ते बर्फाखाली जायचे, लोक मोटारी ठेवून द्यायचे. मग हा बर्फावरच्या वाहनाचे प्रयोग करत बसायचा. १९३४च्या हिवाळ्यात त्याच्या दोन वर्षांच्या मुलाला, इव्हाँला, अपेंडिक्सचा त्रास होऊन पोटात संसर्ग झाला. हॉस्पिटल शेरब्रुक शहरात, रस्ते बंद, आणि बापाच्या वर्कशॉपमध्ये त्या कामाला येईल असं एकही वाहन अजून तयार नव्हतं. मुलगा गेला.

वर्षा-दोन वर्षांत त्यानं तो प्रश्न सोडवला. भुसभुशीत बर्फात चाक रुततं, कारण सगळं वजन तळहाताएवढ्या जागेवर येतं. पट्टा ते वजन पसरवतो. पण तो पट्टा फिरवायचा कसा, ही खरी गोम होती. त्यानं दातेरी चाकाला रबर चढवलं आणि त्यावर पट्टा फिरवला. १९३७ साली पेटंट मिळालं. मग आली सात माणसांची बी७ आणि नंतर १२ माणसांची बी१२. गोल खिडक्यांची, लाकडी अंगाची ही गाडी म्हणजे बर्फावरची एसटीच. डॉक्टर, पोस्टमन, पाद्री, शाळेची पोरं, सगळे तीतून जायचे.

आणि १९४८ साली क्वेबेक सरकारनं हिवाळ्यात रस्ते साफ ठेवायचा कायदा केला. कंपनीची विक्री एका वर्षात जवळजवळ निम्म्यावर आली.

मी इथे बराच वेळ थांबलो होतो. आपण रात्र-रात्र जागून एखाद्या बगवर वर्कअराउंड लिहावा, आणि वरून कोणीतरी मूळ कारणच काढून टाकावं, तसं हे. फक्त इथे तो कायदा १४ वर्षं आधी आला असता तर इव्हाँ कदाचित वाचला असता. धंदा बसला तेव्हा आर्मांला काय वाटलं असेल? बाप म्हणून, आणि कारखानदार म्हणून? मला दोन्हीचं एकच उत्तर काही सापडत नाही.

तो मात्र थांबला नाही. दलदल, जंगलं, खाणी यांच्यासाठी ट्रॅक्टर काढले. एक-दोन माणसांच्या छोट्या गाडीची कल्पना डोक्यात होतीच, पण हलकं इंजिन मिळत नव्हतं. ते मिळालं १९५०च्या दशकाअखेर. १९५९ साली स्की-डू बाजारात आली. नाव 'स्की-डॉग' ठेवायचं होतं, कुत्र्यांच्या स्लेजला पर्याय म्हणून, पण छपाईच्या चुकीनं डू झालं असं सांगतात. सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक उत्तर ऑन्टॅरिओतल्या त्याच्या मिशनरी मित्राकडे गेली. पहिल्या वर्षी खपल्या २२५.

इकडे मिनेसोटात रोझो गावच्या पोलारिसवाल्यांनी १९५६ सालीच एक ओबडधोबड यंत्र बनवलं होतं, आणि पगार द्यायला पैसे नव्हते म्हणून ४६५ डॉलरला विकलं होतं! त्यांच्यातलाच एडगर हेटीन पुढे भागीदारांशी बिनसल्यावर बाहेर पडला आणि त्यानं आर्क्टिक कॅट काढली. स्टार्टअपच्या गोष्टी तेव्हाही अशाच असायच्या तर.

पण खप वाढवला तो डॉक्टर-पोस्टमननी नव्हे, तर मजा म्हणून बर्फात हुंदडणाऱ्यांनी. १९७०च्या सुमारास शंभरावर कंपन्या या धंद्यात होत्या, अगदी हार्ले-डेव्हिडसन आणि जॉन डिअरसुद्धा. १९७३चं तेलसंकट आलं आणि बहुतेक बुडाल्या किंवा बाहेर पडल्या. उरल्या चारच, त्यातल्या यामाहानंही २०२३ साली गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आर्मांनं यातलं फार थोडं पाहिलं. तो १९६४ सालीच गेला, ५६ वर्षांचा असताना. २००३ मध्ये स्की-डू वेगळ्या कंपनीत गेली, २०२१ मध्ये रेल्वेचा धंदा आल्स्टॉमला विकला गेला. त्याच्या नावाची कंपनी आता श्रीमंतांची विमानं बनवते.

खेळणं झालं म्हणून मी नाक मुरडणार होतो. पण कॅनडाच्या अगदी उत्तरेला, नुनावुतमध्ये, एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ताच नाही, त्यामुळे साफ करायलाही काही नाही. तिथे इन्युइट लोक आजही सामान आणायला, शिकारीला स्नोमोबिलवरूनच जातात. बर्फात कोणी हरवलं तर शोधायला निघणारेसुद्धा.