लाउबरहॉर्नचा उतार

टीव्हीवर स्कीइंगची डाउनहिल शर्यत पाहताना एक गोष्ट अजिबात कळत नाही, ती म्हणजे उतार. कॅमेरा डोंगराला सपाट करून टाकतो. नोकरीनिमित्त स्वित्झर्लंडमध्ये राहायला आल्यापासून वेंगेनची लाउबरहॉर्न शर्यत मी जानेवारीत पडद्यावर पाहत असे, पण तो डोंगर मला खरा समजला उन्हाळ्यात, पायी उतरताना. शर्यत सुरू होते २३१५ मीटर उंचीवर आणि संपते १२८७ मीटरवर. मधलं अंतर जवळजवळ साडेचार किलोमीटर. विश्वचषकाच्या वेळापत्रकात याहून लांब डाउनहिल नाही. स्कीपटू ते सुमारे अडीच मिनिटांत पार करतात. आमची अर्धी दुपार गेली आणि गुडघे भरून आले ते वेगळंच.

सोबत माझ्या शेजारचे एक निवृत्त रेल्वे कर्मचारी होते. तरुणपणी त्यांनी याच उतारावर शर्यतीच्या आठवड्यात स्वयंसेवक म्हणून बर्फ सारखा करण्याचं काम केलेलं. हुंडशॉप्फ नावाच्या कड्यापाशी आल्यावर ते थांबले. दोन बाजूंना खडक, मधून अरुंद वाट आणि पुढे जमीनच संपते. खाली गवतात गायी चरत होत्या. हिवाळ्यात स्कीपटू त्या खडकाला जवळजवळ खांदा घासत येतो आणि इथून हवेत झेप घेतो. पुढचं काही त्याला दिसत नसतं. कड्याच्या टोकाला उभं राहून मी खाली पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकलो.

उतरता उतरता ते एकेका जागेचं नाव सांगत गेले आणि माझ्या लक्षात आलं की या डोंगरावरची कितीतरी नावं पडलेल्या माणसांची आहेत. मिन्श-कांटं हे नाव १९६५ मध्ये तिथे पडलेल्या योस मिन्शचं. कॅनेडियन कॉर्नर १९७६ मध्ये तिथे आपटलेल्या कॅनडाच्या स्कीपटूंवरून. ब्रूनो केर्नेन १९९७ मध्ये ज्या पुलाजवळच्या दुहेरी वळणावर पडला, ते आता केर्नेन-एस. ऑस्ट्रियाचे स्कीपटू १९५४ मध्ये जिथे एकामागून एक कोसळले, त्या खळग्यालाही त्यांच्याच देशाचं नाव. १९३० पासून इथे शर्यत होते आहे, जिंकणारे थोर होऊन गेले. फ्रान्झ क्लामर सत्तरच्या दशकात लागोपाठ तीनदा जिंकला, बेआट फॉइत्झनेही तीनदा बाजी मारली. पण गावकऱ्यांनी उतारावरच्या जागा ओळखल्या त्या पडलेल्यांमुळे. मला यात मोठा आदर दिसला.

शेवटच्या एस आकाराच्या वळणावर, त्सील-एसवर, ते फारसं बोलले नाहीत. १९९१ मध्ये गेर्नोट राइनश्टाडलर हा वीस वर्षांचा ऑस्ट्रियन मुलगा इथे जाळीत गेला, त्याची स्की जाळीत अडकली आणि दुसऱ्या दिवशी तो रुग्णालयात वारला. त्या वर्षीची शर्यत रद्द झाली. वळणाची जागा नीट समजून घ्यायला हवी. दोन मिनिटांहून जास्त वेळ मांड्या वाकवलेल्या, वेग आणि वळणांचा सगळा भार पायांवर आलेला. त्याआधी हानेग्गचा सरळ उतार. तिथे फ्रान्सच्या योहान क्लारेने २०१३ मध्ये ताशी १६१.९ किलोमीटरचा वेग गाठला होता. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारीला जितकी परवानगी आहे त्याच्या दीडपटीहून जास्त, तेही पायाखाली दोन फळ्या आणि डोक्यावर शिरस्त्राण एवढ्यावर. पाय असे संपत आलेले असताना सर्वांत अवघड वळण समोर येतं.

१३ जानेवारी २०२४ ला मी त्याच वळणाच्या बाजूला उभा होतो. वेंगेनला मोटारी जात नाहीत. लाउटरब्रुनेनहून दात्यांच्या रुळावरची गाडी धरावी लागते आणि त्या सकाळी प्रत्येक डबा झेंड्यांनी, गळ्यात अडकवलेल्या मोठमोठ्या घंटांनी आणि माणसांनी भरलेला. तीस हजारांहून जास्त लोक त्या एवढ्याशा गावावर चढून आले होते. समोर आयगर, म्योंख आणि युंगफ्राउ उन्हात लखलखत होते. कोणीही भारावून जावं अशीच ती सकाळ होती.

पहिला स्कीपटू खाली आला तेव्हा आधी आवाज आला. पाणी मारून दगडासारखा केलेला बर्फ आणि त्यावर धार लावलेली पोलादी कड. ती खरखर छातीत जाणवते. माणूस दिसेपर्यंत तो समोरून गेलेलाही असतो. पडद्यावर जे सहज, लयदार वाटतं त्यात प्रत्यक्षात प्रत्येक वळणाला थरथरणारे गुडघे असतात, आणि ते मला दहा-पंधरा पावलांवरून दिसत होते.

स्वित्झर्लंडचा मार्को ओडरमाट खाली आला तेव्हा घंटांचा कल्लोळ उठला. दोनच दिवसांपूर्वी, गुरुवारी, त्याने याच डोंगरावर विश्वचषकातली आपली पहिली डाउनहिल जिंकली होती. शनिवारीही तोच जिंकला. फ्रान्सचा सिप्रियाँ साराझाँ दुसरा, इटलीचा डॉमिनिक पारिस तिसरा. माझ्या शेजारच्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मीही घसा बसेपर्यंत ओरडलो. तो आनंद खरा होता. आजही आठवला की तसाच वाटतो.

पण त्याच दिवशी, त्याच वळणावर नॉर्वेचा अलेक्सांडर ओमोट किल्डे पडला. २०२२ आणि २०२३ मध्ये इथे डाउनहिल जिंकलेला, या उताराचा खडान्‌खडा ठाऊक असलेला माणूस. तोल गेला आणि तो तसाच वेगात जाळीवर आदळला. सगळ्या घंटा एकदम थांबल्या. वर पिवळे झेंडे, शर्यत थांबलेली, त्याच्याभोवती धावणारी माणसं, मग हेलिकॉप्टर. खांदा निखळला होता आणि त्याच्या स्कीच्याच कडेने पोटरी खोल कापली गेली होती. बर्नच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. पुढे खांद्याला संसर्ग झाला आणि २०२४-२५ चा अख्खा हंगाम त्याला खेळता आला नाही.

पडणं हा या खेळाचा भाग आहे हे मला मान्य आहे. धोका पूर्ण काढून टाकला तर डाउनहिलच उरणार नाही, आणि ते स्कीपटूंनाही नको आहे. जाळ्यांची रचना सुधारली, अंगावरच्या एअरबॅग आल्या, हे सगळं चांगलंच झालं. मला राग आहे तो वेळापत्रकाचा. त्या आठवड्यात गुरुवारी डाउनहिल, शुक्रवारी सुपर-जी ही दुसरी वेगाची शर्यत, शनिवारी सर्वांत लांब डाउनहिल. सराव त्याआधीचा वेगळा. गुरुवारची शर्यत मुळात वेंगेनची नव्हतीच. हंगामाच्या सुरुवातीला हवामानामुळे रद्द झालेल्या शर्यतीची ती भरपाई होती. शुक्रवारी फ्रान्सचा अलेक्सी पँतुरो पडून त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला होता, तरी शनिवारी सगळे पुन्हा वर उभे होते. ज्या वळणावर ताज्या पायांचीही परीक्षा होते, तिथे थकलेले पाय पाठवायचे हा निर्णय टेबलावर बसून घेतलेला असतो. किल्डे केवळ थकव्यामुळे पडला असं मी म्हणत नाही, ते कोणालाच सांगता येणार नाही. पण अडीच मिनिटांच्या शर्यतीत थकवा काय करतो हे त्या वळणावर उभं राहिलेल्या कोणालाही विचारा.

पुढच्या वर्षी, २०२५ मध्ये, वेंगेनला एकच डाउनहिल ठेवली गेली. ते योग्य झालं आणि ते तसंच राहावं. हवामानाने घालवलेली शर्यत दुसऱ्या डोंगरावर कोंबू नये, गेली ती गेली म्हणून सोडून द्यावी. आपण प्रेक्षकांनीही एक शर्यत कमी झाली म्हणून कुरकुर करू नये.