दम्यासकट धावताना

धावायला शिकवणारा माणूस नव्या माणसाचे पाय बघतो, बूट बघतो. दमा असलेला कुणी गटात आला की मात्र त्याची नजर आधी खांद्यांवर जाते. खांदे कानांकडे चढू लागले, गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जाऊ लागला, बोलताना वाक्य मध्येच तुटू लागलं, की त्या दिवसाचं धावणं तिथेच थांबवायचं असतं. वेग आणि किलोमीटर नंतर. दम्यासकट धावणं ही शिकता येण्याजोगी विद्या आहे आणि तिचा बराचसा भाग धावण्याच्या आधी आणि नंतर असतो.

शाळेत पीटीच्या तासाला दम्याच्या मुलाला झाडाखाली बसवून ठेवायची पद्धत अजून गेलेली नाही. ते काळजीपोटीच होतं. पण बसून बसून त्या मुलाचं शरीर आणखी कच्चं राहतं, जिना चढला तरी धाप लागते, आणि ती धाप दम्याची की हालचाल नसल्याची, हे त्याचं त्यालाही कळेनासं होतं. पळताना धाप लागते हे दम्याचं लक्षण दुसऱ्या शतकातल्या आरेटियस या ग्रीक वैद्याने लिहून ठेवलं होतं, म्हणजे ओळख जुनी आहे. आजचं वैद्यकशास्त्र त्यापुढे जाऊन सांगतं, की औषधाने आटोक्यात असलेला दमा व्यायामाने बिघडत नाही. उलट दमसास वाढतो आणि रोजच्या कामांत धाप कमी लागते.

मग धावताना छाती आवळते ती का? स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आत-बाहेर करतो. जोरात धावताना हा आकडा १०० लिटरच्या पुढे जातो. एवढी हवा नाकाला झेपत नाही, तोंड उघडतं, आणि हवा ऊबदार व ओलसर करायचं नाकाचं काम श्वासनलिकांवर येऊन पडतं. नलिकांच्या आतल्या पातळ ओलाव्यातलं पाणी उडून जातं आणि उरलेला द्रव आटवलेल्या रसासारखा घट्ट आणि खारट होतो. त्याने अस्तरातल्या मास्ट पेशी चेतवल्या जातात, हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन ही द्रव्यं सुटतात, आणि नलिकांभोवतीचे स्नायू आखडतात. जानेवारीत निफाडकडे पारा घसरतो तेव्हाची थंड, कोरडी पहाट म्हणूनच दमेकऱ्याला जड जाते. दमट, उबदार हवेत तेवढ्याच वेगाला तेवढा त्रास होत नाही.

यात सगळ्यात फसवी गोष्ट वेळेची आहे. छातीचं आवळणं पुष्कळदा धावणं थांबल्यावर ५ ते १० मिनिटांनी शिगेला पोचतं आणि अर्ध्या ते एका तासात आपोआप उतरतं. शर्यत संपलेली असते, गळ्यात मेडल असतं, फोटो चालू असतात, आणि माणूस खोकू लागतो. बाकीचे म्हणतात, धूळ गेली असेल. धावून आल्यावर दर वेळी येणारा हा कोरडा खोकला कित्येकांच्या बाबतीत वर्षानुवर्षं धुळीच्या खात्यावर जमा होत राहतो.

यावरचा उपाय साधा आहे आणि नेमका तोच सगळ्यात जास्त टाळला जातो. पुण्यात तळजईच्या पठारावर सकाळी जमणाऱ्या कुठल्याही गटात बघा, सहाची वेळ ठरलेली असली की लोक सहा वाजून एक मिनिटाने पळत सुटलेले असतात. दमा असलेल्याने तिथे गटाच्या वीस मिनिटं आधी यावं. दहा मिनिटं भरभर चालणं. मग शेजारच्याशी गप्पा मारता येतील इतक्या संथ लयीत थोडं धावणं. मग सुमारे अर्ध्या मिनिटाच्या पाच-सहा वेगवान फेऱ्या, आणि दोन फेऱ्यांच्या मध्ये श्वास पूर्ण जागेवर येईपर्यंत चालणं. या छोट्या फेऱ्यांत नलिका थोड्या आवळतात आणि सैल होतात. त्यानंतर सुमारे निम्म्या लोकांमध्ये एक ते तीन तासांचा काळ असा मिळतो की त्याच नलिका तितक्या जोरात आवळत नाहीत. डॉक्टरांच्या भाषेत हा रिफ्रॅक्टरी काळ. खरं धावणं या काळात बसवायचं असतं. शेवटही असाच, एकदम थांबायचं नाही, दहा मिनिटं वेग उतरवत आणायचा.

सातारा हिल हाफ मॅरेथॉनसारख्या शर्यतीत हे विशेष जाणवतं. तिथे पहिला अर्धा भाग यवतेश्वरच्या घाटाचा चढ आहे आणि उतार नंतर. छाती तयार न करता त्या चढाला भिडणाऱ्या दमेकऱ्याची पहिल्या काही किलोमीटरांतच दमछाक होते आणि पुढचं सगळं चुकतं.

आता पंप. आपल्याकडे पंपाची लाज जबरदस्त आहे. ‘सवय लागते’, ‘पंपापर्यंत पाळी आली म्हणजे आजार हाताबाहेर गेला’, ‘मुलीचं लग्न ठरायचंय, चारचौघांत नको’ ही वाक्यं प्रत्येक दमेकऱ्याने ऐकलेली असतात. गोळी मात्र निमूट घेतली जाते. हिशेब करून पाहावा: साल्ब्युटामॉलच्या पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा, दोन मिळून २००. नेहमीच्या लहान गोळीत २ मिलिग्रॅम असतात, म्हणजे दहापट. गोळी पोटातून सगळ्या शरीरभर फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा जिथे हवा तिथेच पोचतो. धावायच्या १० ते १५ मिनिटं आधी घेतलेले दोन फवारे बहुतेकांना दोन-तीन तास सांभाळतात.

पण तो नीट घ्यावा लागतो. पंप हलवायचा, टोपण काढायचं, श्वास पूर्ण सोडायचा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे. सावकाश श्वास आत घ्यायला सुरुवात करतानाच डबी दाबायची, आणि मग १० सेकंद श्वास रोखून धरायचा. दुसरा फवारा अर्ध्या मिनिटाने. घाईत जोरात ओढला तर औषध घशावर आपटून तिथेच राहतं. स्पेसरची नळी लावली तर हे चुकायची शक्यता कमी. कॅप्सूल घालायच्या रोटाहेलरची रीत नेमकी उलटी, तिथे पावडर उचलायला जोरात आणि खोल ओढावं लागतं. एका यंत्राची सवय दुसऱ्यावर चालवणारे लोक ‘औषध लागूच पडत नाही’ म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं खरंही असतं.

साल्ब्युटामॉलच्या निळ्या पंपावरच सगळा भार टाकणं मात्र धोक्याचं. तो आवळलेली नलिका सैल करतो, आतली सूज तशीच राहते, आणि रोज वापरला तर त्याचं संरक्षणही बोथट होत जातं. सूज उतरवतं ते श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड. २०१९ पासून दम्याविषयीच्या जागतिक मार्गदर्शक सूचना, ज्यांना जीना म्हणतात, त्या नुसत्या साल्ब्युटामॉलवर भागवू नका असंच सांगत आल्या आहेत. आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त वेळा त्रासासाठी पंप काढावा लागत असेल, तर धावण्याचं वेळापत्रक बाजूला ठेवून आधी डॉक्टर गाठावा.

लाजेची किंमत मोठ्या खेळाडूंनीही मोजली आहे. हेप्टॅथलॉनमध्ये १९८८ साली सोलला ७२९१ गुणांचा विक्रम करणारी जॅकी जॉयनर-कर्सी कॉलेजात असतानाच दमेकरी ठरली होती. तिने ते दीर्घकाळ लपवलं आणि औषधात चालढकल केली, हे तिनेच पुढे जाहीरपणे सांगितलं. तिचा तो विक्रम आजही अबाधित आहे. न लपवणाऱ्यालाही फटका बसला आहे. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोळा वर्षांच्या रिक डेमॉन्टने ४०० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण जिंकलं आणि गमावलं. त्याच्या दम्याच्या गोळीत बंदी असलेलं एफेड्रिन होतं. त्याने ते औषध अर्जावर लिहिलं होतं, पण त्याच्या पथकाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ते पुढे मंजूर करून घेतलं नाही. आज नियम स्पष्ट आहेत. साल्ब्युटामॉल श्वासातून २४ तासांत १६०० मायक्रोग्रॅमपर्यंत, त्यातही कुठल्याही ८ तासांत ६०० पर्यंत चालतं. राज्य पातळीवर खेळणाऱ्या मुलामुलींनी आणि त्यांच्या पालकांनी हे आकडे पाठ ठेवावेत.

हवेच्या बाबतीत हायले गेब्रसेलासीचं उदाहरण शिकवण्यासारखं आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या मॅरेथॉनमधून दम्याच्या या धावपटूने प्रदूषणाच्या भीतीने माघार घेतली आणि तो तिथे फक्त १० हजार मीटर धावला. सप्टेंबरमध्ये बर्लिनला त्याने मॅरेथॉनचा विश्वविक्रम केला, २ तास ३ मिनिटं ५९ सेकंद. ऑलिंपिक सोडायला जे धैर्य लागतं, त्याच्या शतांशाने आपल्याला एखादा रविवार सोडता आला पाहिजे. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत असते आणि तिचा सगळा सराव हिवाळ्यात येतो. हिवाळ्याच्या पहाटे जमिनीलगतची हवा थंड, वरची उबदार असते. धूर वर जाऊ शकत नाही, खालीच साचून राहतो. ‘पहाटेची शुद्ध हवा’ हा समज अशा दिवसांत शहरात तरी खोटा ठरतो. त्यात रस्त्याकडेला पालापाचोळा पेटवलेला असतो, रखवालदारांच्या शेकोट्या असतात. हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक १०१ ते २०० असला की सरकारी तक्ता त्याला ‘मध्यम’ म्हणतो, पण त्याच तक्त्यात दमेकऱ्यांना श्वासाचा त्रास होऊ शकतो असं लिहिलेलं आहे. दमेकऱ्याने त्या दिवशी ऊन जरा वर आल्यावर, रहदारीपासून लांब, हळू धावावं. २०० च्या वर घरातच जिना किंवा सूर्यनमस्कार. पावसाळ्यानंतर टेकड्यांच्या पायथ्याशी फुललेलं गाजर गवतही काहींची छाती भरून आणतं, त्यांनी वाट बदलावी.

दमा असलेली धावणारी बाई गरोदर राहिली की घरातले सगळे एकदम बोलू लागतात. ‘दोन जिवांची आहेस, आता पंप बंद, पळणं बंद.’ यातलं ‘पंप बंद’ खरोखर घातक आहे. गरोदरपणात दमा साधारण एकतृतीयांश बायकांचा वाढतो, एकतृतीयांश जणींचा कमी होतो, बाकीच्यांचा तसाच राहतो. आधी कुणालाच सांगता येत नाही. आईची छाती आवळली की बाळाला मिळणारा प्राणवायू कमी होतो, त्यापुढे श्वासातून घेतलेल्या औषधाचा धोका फार लहान आहे. म्हणून पंप आपल्या मनाने बंद करायचा नाही.

धावण्याचं म्हणाल तर अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ साली नाडी १४० च्या वर जाऊ देऊ नका असं सांगितलं होतं, आणि १९९४ मध्ये ती मर्यादा स्वतःच काढून टाकली. आता गुंतागुंत नसलेल्या गरोदर बाईला आठवड्याला १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवला जातो. वेगाची कसोटी एकच, धावता धावता बोलता आलं पाहिजे. जी आधीपासून धावते तिने डॉक्टरांना विचारून चालू ठेवावं. जिने कधी धावलेलंच नाही तिने या नऊ महिन्यांत सुरुवात करू नये, चालावं. आणि व्यायाम म्हणजे कष्ट नव्हेत. फडात दिवसभर ऊस तोडून मोळ्या वाहणाऱ्या पोटुश्या बाईला व्यायामाचा सल्ला द्यायचा नसतो, विसाव्याची आणि जेवणाची सोय करायची असते.

या काळात एक घोटाळा नेहमी होतो. प्रोजेस्टेरॉनमुळे गरोदर बाईचा श्वास मुळातच वाढलेला असतो आणि निरोगी बाईलाही धाप लागल्यासारखं वाटतं. ती दम्याची की गरोदरपणाची? खोकला आणि छातीत शिट्टी असेल तर दम्याची. दुसरी खूण म्हणजे पीक फ्लो मीटर. त्या नळीत जोराने फुंकल्यावर येणारा आकडा निव्वळ गरोदरपणाने घसरत नाही, दम्याने घसरतो. आपला नेहमीचा आकडा वहीत लिहून ठेवला असेल तर शंका जागच्या जागी मिटते. अंगावरून रक्त किंवा पाणी जाणं, पोटात कळा, चक्कर, छातीत दुखणं, पोटरी सुजून ठणकणं यांतलं काहीही झालं तर मात्र शंकेला जागा नाही, थांबून दवाखाना गाठायचा.

पॉला रॅडक्लिफला चौदाव्या वर्षी दम्याचं निदान झालं. २००३ साली लंडनला तिने २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत मॅरेथॉन पूर्ण केली, तो विश्वविक्रम सोळा वर्षं टिकला. ती गरोदरपणातही धावत होती. जानेवारी २००७ मध्ये मुलगी झाली आणि नोव्हेंबरमध्ये तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. ही गोष्ट सगळे सांगतात. बाळंतपणानंतर लवकर सराव सुरू केल्याने तिच्या पाठीच्या तळाच्या हाडाला बारीक तडा गेला आणि तिला मध्ये थांबावं लागलं, ही गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सावरायला वेळ लागतो, आणि पुन्हा धावायला साधारण तीन महिने थांबलेलं बरं.

सगळीच धाप दम्याची नसते. श्वास आत घेताना गळ्यातून आवाज येत असेल आणि थांबताच मिनिटाभरात सगळं ठीक होत असेल, तर दोष स्वरतंतूंचा असू शकतो, तिथे पंप उपयोगी पडत नाही. पंडुरोगातही धाप लागते. म्हणून धावायला लागण्याआधी एकदा स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून करायची श्वासाची तपासणी, करून घ्यावी. सर्दी-तापात, रात्री खोकल्याने जाग आली असेल त्याच्या दुसऱ्या दिवशी, धावू नये.

आणि वाटेत अटॅक आलाच तर? थांबा, ताठ बसा, किंचित पुढे झुका. आडवं होऊ नका, ‘घरापर्यंत तेवढं पळतो’ असं करू नका. स्पेसर असेल तर त्यातून एकेक फवारा, मधे अर्धा-एक मिनिट थांबत, दहापर्यंत. उतार पडत नसेल, बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसू लागले, तर १०८ लावा. पंप गाडीतल्या बॅगेत नको, चड्डीच्या चेन लावलेल्या खिशात हवा. शेजारी धावणाऱ्याला तो कुठे आहे ते ठाऊक हवं. शर्यतीच्या बिबच्या मागे रक्तगट, घरचा फोन नंबर आणि आजार लिहायला जागा असते. ती कोरी सोडू नका. दमा लिहा, पंप कुठल्या खिशात आहे तेही लिहा.