न उघडलेलं टपाल

मी कर्वेनगरात राहते, राजाराम पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. शेल स्क्रिप्ट लिहायला शिकले तीही इथेच, कमिन्स कॉलेजच्या लॅबमध्ये. महर्षी कर्व्यांच्या संस्थेनं 1991 साली मुलींसाठी काढलेलं हे इंजिनिअरिंग कॉलेज. काळ्या पडद्यासमोर सगळ्या मुलीच बसलेल्या असायच्या आणि त्यात कुणाला काही विशेष वाटत नसे. आज डेटाबेस सांभाळते ती त्याच सवयीवर.

आमचा डेटाबेस ग्रीनप्लम. मुळात पोस्टग्रेसच, पण एका टेबलाच्या ओळी अनेक सेगमेंटमध्ये वाटून ठेवतो आणि क्वेरी आली की सगळ्यांना एकदम कामाला लावतो. कुठला डेटा कुठे हलवायचा हे प्लॅनर ठरवतो, तेही टेबलाच्या आकडेवारीवरून. ही आकडेवारी ताजी ठेवायची तर डेटा भरून झाल्यावर ॲनालाइझ चालवावं लागतं. पहिले काही महिने मी ते रोज हातानं करायची. मग सगळ्या कमांड एका फाइलीत घातल्या, पीएसक्यूएलला ती फाइल दिली आणि क्रॉनमध्ये रात्री अडीचची वेळ लावली. काम नीट झालं की स्क्रिप्ट मला मेल पाठवी: ‘सर्व टेबलं पूर्ण’. सकाळी चहा घेताना तो मेल पाहिला की हायसं वाटायचं.

महिनाअखेरीला टीममधल्या मुलाचा फोन आला. “ताई, विक्रीचा रिपोर्ट तीन तास झाले, फिरतोच आहे.” एरवी तो सहा मिनिटांत निघायचा. मी घरूनच लॉगिन केलं, एक्सप्लेन लावलं. प्लॅनरच्या हिशेबानं विक्रीच्या टेबलात दोनशे ओळी होत्या. प्रत्यक्षात कोट्यवधी. टेबल लहान आहे असं समजून त्यानं त्याची पूर्ण प्रत प्रत्येक सेगमेंटकडे धाडायचं ठरवलं होतं. मेमरी पुरेना, डिस्कवर तात्पुरत्या फाइलींचा ढीग साचत चालला होता.

पण ॲनालाइझ तर रोज होत होतं! मेलही रोज येत होता.

उलगडा व्हायला तासभर गेला. लोडवाल्या मंडळींनी नवं टेबल नव्या नावानं बनवलं होतं, चाचणीपुरत्या दोनशे ओळी भरून एकदा ॲनालाइझही केलं होतं, आणि जुनं टेबल काढून टाकलं होतं. माझ्या फाइलीत जुनंच नाव. पीएसक्यूएल त्या ओळीवर ‘असं टेबल नाही’ म्हणायचा आणि पुढच्या ओळीकडे जायचा. फाइल संपली की शेलला परत द्यायचा 0, म्हणजे सगळं ठीक. ऑन एरर स्टॉप हा पर्याय लावला नसेल तर तो असाच वागतो. लावला की पहिल्याच चुकीला थांबतो आणि 3 परत देतो. दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी तो भाग वाचलाच नव्हता.

मग त्या चुका गेल्या कुठे? नेहमीचं आउटपुट मी लॉगमध्ये वळवलं होतं, एरर नाही. क्रॉन उरलेलं सगळं, ज्या युजरच्या नावानं काम चालतं, त्याच्या लोकल मेलबॉक्समध्ये टाकतो. मी जीपीॲडमिन युजरनं मेल कमांड दिली आणि यादी सरकत गेली. 11 रात्रींची 11 पत्रं, प्रत्येकात तीच एक ओळ, एकही उघडलेलं नाही. ती यादी बघताना मला खरंच वाईट वाटलं. डेटाबेस रोज सांगत होता, ऐकायला कुणी नव्हतं.

आधी नव्या टेबलावर ॲनालाइझ चालवलं, रिपोर्ट पुन्हा लावला, तो निघाला. मग स्क्रिप्ट बदलली. टेबलांची नावं आता फाइलीत नाहीत, ती रोज कॅटलॉगमधूनच येतात. ऑन एरर स्टॉप लावला, एररही लॉगमध्ये घेतले. आधीची रात्र संपली नसेल तर दुसरी सुरू होऊ नये म्हणून फ्लॉक लावलं. शेवटी प्रत्येक टेबलाचं ॲनालाइझ कधी झालं ते डेटाबेसलाच विचारून मेलमध्ये तारखा छापायला लावल्या. ‘पूर्ण’ हा शब्द मी काढून टाकला. माझ्या मते स्क्रिप्टनं स्वतःचं प्रमाणपत्र स्वतः देऊ नये, पुरावा द्यावा.

त्याच रात्री पावणेतीनला फोन वाजला. स्क्रिप्ट थांबली होती: एका जुन्या टेबलावर एरर आली होती, किती दिवसांपासून येत होती कोण जाणे. मी दिवा लावला आणि लॅपटॉप उघडला.