जादाचा पाटा

अब्बांची प्रीमियर पद्मिनी कराडच्या आमच्या अंगणात उभी असते. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, स्टीअरिंगलाच गिअर असलेली. अब्बा गेले त्यानंतर ती फारशी हललीच नाही. आम्ही दोघे भाऊ. एक कराडात, एक पुण्यात. घराच्या वाटणीचा विषय निघाला की आवाज चढू नये म्हणून आम्ही गाडीवर बोलू लागायचो. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली, त्यावरही आम्ही दोन दिवस बोललो.

मागच्या ईदला धाकट्याने जुन्या गाड्यांचे फोटो दाखवले. सगळ्या रस्त्याला टेकल्यासारख्या बसलेल्या. आपली मात्र मागून उंच, शेपूट वर केलेल्या कोंबडीसारखी! ठरले, गाडी खाली घ्यायची. तीही घरीच.

पद्मिनीला पुढे कॉइल स्प्रिंगा आणि मागे कमान पाटे असतात. ओळखीच्या एका मिस्त्रीने सांगितले, ''पुढच्या स्प्रिंगा गॅसवर तापवा, आपोआप बसतील.'' बसतील खऱ्या, पण तापवले की पोलादाचे पाणी उतरते आणि मग स्प्रिंग कधी दगा देईल सांगता येत नाही. पुढच्या बाजूला हात लावायचा नाही, असे ठरवून आम्ही मागच्या चाकांकडे वळलो.

पुढच्या चाकांना विटा लावल्या. जॅकने मागची बाजू उचलली आणि बॉडीखाली घोड्या दिल्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचे नाही, ही अब्बांचीच शिकवण. यू-बोल्ट गंजून बसले होते. रात्रभर तेलात भिजवले तेव्हा कुठे सकाळी पान्याला दाद देऊ लागले. पाटे ताणात असतात. मधला बोल्ट सैल केला की ते फटकन उघडतात. म्हणून दोन्हीकडून क्लॅम्प आवळले, मग बोल्ट काढला आणि क्लॅम्प थोडे थोडे ढिले केले.

पाटे एकेक करून पोत्यावर मांडले. त्यातला एक वेगळाच होता. जाड, बाक कमी, कडेला हातोड्याचे घाव. दुसऱ्या बाजूलाही तसाच एक निघाला.

अम्मी ओट्यावर बसून बघत होती. तिने लगेच ओळखले. मामूंच्या लग्नाला आम्ही चिपळूणला निघालो होतो. गाडीत दादीसह नऊ माणसे, वर कॅरियरवर भांडी. कुंभार्ली घाटात प्रत्येक खड्ड्याला मागचे टायर घासायचे. परत आल्यावर अब्बांनी कमान-पाटेवाल्याकडे जाऊन दोन्हीकडे एकेक जादाचा पाटा घालून घेतला. पैसे उसने काढले होते, हेही तिने आताच सांगितले.

आम्ही दोघे गप्प झालो. म्हणजे गाडी उंच नव्हतीच. तिला नऊ माणसांच्या हिशेबाने बांधले होते आणि माणसे उतरून गेली होती.

''राहू दे, परत घालू या,'' धाकटा म्हणाला. थोरल्याच्याही मनात तेच होते. तेवढ्यात अम्मी म्हणाली, ''निकालो वो पाटे. खाली गाडी में मेरी कमर का भुगा होताय.''

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला ती रिक्षाच का मागवते, हे आम्ही तिला कधी विचारलेच नव्हते. ताठ कमानीवर रिकामी गाडी उडते, नरम व्हायला वरती वजन लागते. आम्ही फोटो बघत होतो, ती हिसके मोजत होती.

धाकट्याने आणखी खाली घेण्यासाठी लोखंडी ठोकळे आणले होते. ते तसेच पिशवीत राहिले. आमच्या गल्लीतल्या गतिरोधकांवर सायलेन्सर घासला असता. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही. जादाचे पाटे काढणे म्हणजे गाडी मुळावर आणणे. आम्ही तिथेच थांबलो.

घोड्या काढल्या तेव्हा मागची बाजू दीड इंच खाली आली. वजन चाकांवर आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळले. रात्री दिवे लावले तर झोत समोरच्या घराच्या माडीवर! मागची बाजू बसली की पुढचा झोत वर जातो. भिंतीवर खडूने खुणा करून तो खाली आणला.

दुसऱ्या दिवशी अम्मी गाडीत बसली. कृष्णा पुलापर्यंत जाऊन आलो. ती काही बोलली नाही, पण येताना म्हणाली, ''बाजारात थांबवा, भाजी घ्यायची आहे.''

दोन्ही पाटे तेल लावून, एकाच पोत्यात बांधून माळ्यावर ठेवले आहेत. वाटणीच्या यादीत ते घातलेले नाहीत. दोन्ही घरची पोरे मिळून कधी चिपळूणला निघालीच, तर पुन्हा घालणे एका दिवसाचे काम आहे.