मुसद्दीलालची फाईल आणि आमचे टेबल



गेल्या नोव्हेंबरातील एका रात्री आम्ही मनमुराद हसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या त्या हसण्याची आम्हांस लाज वाटली. त्याचीच ही हकीकत आहे.

२००१ साली सब वाहिनीवर 'ऑफिस ऑफिस' नावाची हिंदी विनोदी मालिका सुरू झाली. त्या वेळी आम्ही सेमिनरीत शिकत होतो. सुट्टीत घरी आलो की वडिलांच्या शेजारी बसून ती पाहत असू. पंकज कपूर यांनी उभा केलेला मुसद्दीलाल हा साधा, पापभीरू मनुष्य. कुठल्या तरी कचेरीत त्याचे काम अडलेले असे आणि भाग संपेपर्यंत त्याची पुरती दैना होई. सीमाभागातील आमच्या वडिलांनी जमिनीच्या उताऱ्यासाठी मामलेदार कचेरीचे उंबरे पुष्कळ झिजविले होते. त्यामुळे घरात सर्वांत मोठ्याने तेच हसत.

त्या मालिकेची गंमत एका युक्तीत होती. कचेरी दर वेळी निराळी, परंतु टेबलामागचे चेहरे तेच! तोंडात पान धरून बोलणारा शुक्ला, सदा खात असलेला भाटिया, प्रत्येक उत्तर 'दोन गोष्टी' मांडून सुरू करणारा पटेल, आणि 'वही तो' म्हणून मान डोलावणाऱ्या उषाजी. कचेरी कोणतीही असो, मनुष्यस्वभाव तोच, हे दिग्दर्शक राजीव मेहरा यांनी एका शब्दाचाही उपदेश न करता सांगितले.

पुढे ऑगस्ट २०११ मध्ये याच मंडळींना घेऊन 'चला मुसद्दी... ऑफिस ऑफिस' हा चित्रपट निघाला. त्याच महिन्यात राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे दिल्लीच्या रामलीला मैदानावर भ्रष्टाचाराविरुद्ध उपोषणास बसले होते. तेव्हा तो पाहणे राहून गेले. गेल्या नोव्हेंबरात दोन तरुण पाहुण्यांसमवेत मिशनघराच्या भिंतीवर पडदा लावून आम्ही तो अखेर पाहिला.

कथा अशी : निवृत्त शिक्षक मुसद्दीलाल पत्नीच्या अस्थी घेऊन तीर्थयात्रेला जातो. परत येतो तो सरकारी कागदावर तो मयत! पेन्शन बंद झालेली. आता जिवंत माणसाने आपण जिवंत असल्याचा पुरावा आणावयाचा. खरे सांगावयाचे तर मालिकेच्या छोट्या भागांतील घट्टपणा या लांब चित्रपटात नाही. काही विनोद उगाच ताणलेले वाटतात. तथापि पंकज कपूर यांचा तो गोंधळलेला, मार खाऊनही नमस्कार करणारा चेहरा पडद्यावर आला, की आम्हांला वडिलांची आठवण होई आणि हसू आवरत नसे.

पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, "फादर, हे जरा अतीच झाले." आम्ही त्यास उत्तर प्रदेशातील आझमगढ जिल्ह्याच्या लाल बिहारी यांची खरी कहाणी सांगितली. कर्ज मागावयास गेले असता, महसुलाच्या दप्तरात आपण मृत आहोत असे त्यांना कळले. जमिनीच्या लोभाने नातलगांनीच ते घडविले होते. आपल्या नावापुढे 'मृतक' हा शब्द लावून ते झगडत राहिले. १९९४ साली कुठे ते कागदोपत्री पुन्हा जिवंत झाले!

दुसऱ्या दिवशी सकाळी एक आजी आमच्या कचेरीत आल्या. विधवा पेन्शनसाठी वयाचा पुरावा म्हणून त्यांना बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता. ही त्यांची तिसरी खेप. वहीत नाव 'इझाबेल', आधारपत्रावर 'इजाबाई'. आम्ही वहीतून मान वर न काढताच बोललो, "आजी, दोन गोष्टी आहेत. एक तर नाव जुळत नाही. दुसरे म्हणजे साक्षीदार हवेत. सोमवारी या."

शब्द तोंडातून निघाले आणि आमचे आम्हीच दचकलो. हा तर पटेल बोलला!

आजी रागावल्या नाहीत. "बरं, फादर," म्हणाल्या. मग पदराची गाठ सोडून घडी घातलेली दहाची नोट त्यांनी हळूच टेबलावर सरकविली. "चहापाण्याला," म्हणाल्या. आयुष्यभर कचेऱ्यांनी त्यांना जे शिकविले होते, तेच त्या इथे करीत होत्या. आमचे टेबल त्यांना निराळे वाटले नव्हते.

ती नोट आम्ही त्यांच्या हातात परत दिली आणि त्यांना खुर्चीवर बसविले. वही नीट उघडून पाहिली. आईबापांची नावे जुळत होती, गावही जुळत होते. दोन्ही नावे एकाच स्त्रीची आहेत, अशी टीप लिहून सहीशिक्क्यानिशी दाखला दिला. सगळ्या कामास लागली पंधरा मिनिटे. दोन खेपा आम्ही त्यांना कशासाठी घातल्या होत्या, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते.

मालिका आणि चित्रपट यांच्या मधल्या काळात, २००५ साली, देशात माहितीचा अधिकार आला. सरकारी कचेरीने साधारण तीस दिवसांत उत्तर दिलेच पाहिजे, असा नियम झाला. आमच्या लहानशा टेबलाला तो कायदा लागू नाही. इथे आम्हांस जाब विचारणारे कोणी नाही. आजींनीही विचारला नाही.

तो चित्रपट आपण अवश्य पाहावा, पोटभर हसावे. आम्हीही पुन्हा पाहू. मात्र आता दाखल्यासाठी येणाऱ्यास आम्ही प्रथम बसावयास सांगतो आणि वही त्याच्यासमोरच उघडतो. तरीही एखाद्या दिवशी आमच्या तोंडून 'दोन गोष्टी' निघाल्याच, तर वाचकहो, आम्हांस तेथल्या तेथे 'पटेलसाहेब' म्हणून हाक मारण्याची आपणांस पूर्ण मुभा आहे.